यादीतला नववा

आमच्या परतीच्या विभागात दोनच टेबलं होती, समोरासमोर. एक माझं आणि एक फेर्मीन लासेरासचं. एकोणीस वर्षं मी मान वर केली की समोर तोच: रुंद कपाळ, गुळगुळीत दाढी, हिवाळा असो की उन्हाळा तोच राखाडी स्वेटर, आणि आत्ताच कुणाची तरी माफी मागून आल्यासारखा चेहरा. माझ्या नवऱ्याचं तोंडही मी एवढं पाहिलं नाही. नवरा बारा वर्षांत सोडून गेला, फेर्मीन मात्र जागचा हलला नाही.

कंपनी पाणी तापवायच्या बॉयलरचे सुटे भाग विकायची. मुख्यालय वर उत्तरेत आणि ऑफिसं युरोपभर: लिस्बन, मिलान, क्राकोव्ह, आणि आमचं स्पेनमधल्या सारागोसाचं, एब्रो नदी ओलांडून पलीकडे, एकशे अडतीस माणसांचं. गिऱ्हाइकानं बिघडलेला भाग परत पाठवला की तो बदलून द्यायचा की नाही, हे आम्ही दोघं ठरवायचो. 'बदलून देतो' ही पत्रं फेर्मीन लिही. 'देत नाही' असं लिहायचं असलं की ती फाइल हळूहळू सरकत माझ्या टेबलावर येई.

"अरे, ही तुझी फाइल आहे."

"आहे गं, पण तू कसं ठसठशीत लिहितेस! मी लिहिलं की समोरच्याला वाटतं अजून आशा आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. वेस्काचा एक प्लंबर तीन वर्षं त्याला दर महिन्याला फोन करत होता, कारण फेर्मीननं त्याला 'बघतो' म्हणून सांगितलं होतं. शेवटी फोन मी घेतला आणि दीड मिनिटात प्रकरण संपवलं. फेर्मीन तेवढा वेळ पाणी प्यायला गेला होता.

ऑगस्टमध्ये सगळं ऑफिस समुद्रावर जातं तेव्हा मागे कोण थांबणार? फेर्मीन. घर बदलायचंय, गाडी कुणाची? फेर्मीनची. ऑफिसातल्या लोकांच्या तीन पोरांचा तो बाप्तिस्म्यातला धर्मपिता होता, आणि त्यातल्या एकाच्या बापाशी त्याची ओळख फक्त लिफ्टमधली. लोक त्याला देवमाणूस म्हणत. मी म्हणायची, कणा नाही याला. रोज समोर बसून पाहणाऱ्याला माणूस जरा वेगळाच दिसतो.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी अकरा वाजता सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर बोलावलं. मुख्यालयातले मोठे साहेब पडद्यावर आले, तेही टाय न लावता. साहेब टाय काढून बोलायला लागले की समजावं, आपलं काही खरं नाही. दहा-अकरा मिनिटं ते 'नवी रचना' आणि 'अवघड पण गरजेचं' असलं बोलले. युरोपातली सगळी ऑफिसं धरून दोन हजारांवर जागा जाणार होत्या, त्यातल्या आमच्याकडच्या एकसष्ट. नंतर पडदा काळा झाला, आणि कुणी उठेचना. मग कॉफीच्या मशीनपाशी कुणीतरी हसलं, अगदी मोठ्यानं, आणि लगेच गप्प झालं.

आमच्याकडचा कायदा असा की कामगारांची निवडलेली कमिटी आणि कंपनी यांनी तीस दिवस बोलणी करायची. काही ठरलं तर करार, नाही तर कंपनी आपल्या मनानं माणसं काढणार, आणि मग कोर्ट. त्या तीस दिवसांत एकशे अडतीस माणसांचा जीव टांगणीला लागलेला होता. कागदपत्रांतला पहिला तक्ता मनुष्यबळ विभागाच्या नोएलियानं तिसऱ्याच दिवशी कमिटीला दिला, आणि तासाभरात तो सगळ्या मजल्यानं पाहिला. आमच्या विभागासमोर लिहिलं होतं: आत्ता दोन, पुढे एक.

मी तो आकडा वाचला आणि मान वर केली. समोर फेर्मीन तोच कागद वाचत होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही एकदम फोन उचलले. मी कुणाला फोन लावला होता देव जाणे.

माझं वय एक्कावन्न. आई दोन वर्षांपासून वृद्धांच्या निवासात होती, आणि तिथला खर्च माझ्या पगारातून निघत होता. पगार थांबला की तिला घरी आणावं लागणार, चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. आई चालू शकत नव्हती. एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं, रात्रंदिवस: चार मजले, बहात्तर पायऱ्या, आई.

फेर्मीन पंचावन्नचा. त्याच्या बायकोची, मारिवीची, गाड्यांच्या कारखान्यातली नोकरी दोन वर्षांपूर्वी अशाच एका यादीत गेली होती, ती अजून घरीच होती. म्हणजे त्याचंही सगळं याच एका पगारावर. हे मला चांगलं माहीत होतं. माहीत असूनही मी साडेसातला ऑफिसात यायला लागले. दुसऱ्या दिवशी बघते तर हा सव्वासातला हजर.

"लवकर आलास?"

"हो, ट्राम लवकर मिळाली."

"रोज मिळणार का आता?"

"मिळेल असं वाटतं," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

असं आमचं सुरू झालं. नोएलिया मजल्यावरून गेली की मी जोरजोरात टाइप करायला लागे. फेर्मीन उभा राहून गिऱ्हाइकाशी बोलायला लागे, म्हणजे लांबूनही दिसावा. एकोणीस वर्षांत एकमेकांच्या स्टेपलरला न विचारता हात लावणारी माणसं आम्ही. आता टेबलावरून उठताना मी संगणकाच्या पडद्याला कुलूप घालायला लागले. लिस्बनच्या ऑफिसातल्या ग्रासाशी मी रोज सकाळी कामाचं बोलायची. एका सोमवारी तिचा फोन वाजतच राहिला. दुपारी पुन्हा लावला, मग बुधवारी लावला. नंतर मी तो नंबर लावणं सोडलं.

आणि एक गोष्ट सांगून टाकते, कारण दुसऱ्याचं चित्र काढायला बसलेल्या बाईनं आपलं तोंड धुऊन ठेवू नये. फेर्मीननं त्या वेस्काच्या प्लंबरला पुढे कधीतरी दोन पंप नियम मोडून बदलून दिले होते. तो कागद मला मिळाला. मी तो खणात ठेवला. नोएलियाला दाखवला नाही, पण फाडलाही नाही. रोज सकाळी खण उघडून तो आहे ना, एवढं बघायची.

बाराव्या दिवशी कंपनीनं आपणहून जाणाऱ्यांसाठी नावं मागवली. ज्यांचं वय निवृत्तीजवळ आलं होतं किंवा ज्यांची दुसरीकडे सोय होती, त्यांनी भराभर सह्या केल्या. त्यात कमिटीवरची कोन्ची होती, बासष्ट वर्षांची. ती गेली आणि कमिटीतली एक जागा रिकामी झाली.

त्याच दुपारी गोयो आमच्याकडे आला. गोयो म्हणजे कमिटीचा अध्यक्ष, युनियनचा जुना माणूस, गोदामातून वर आलेला, आवाज असा की शेजारच्या मजल्यावर ऐकू जावा. त्या दिवशी मात्र तो हळू बोलला.

"फेर्मीन, तू कमिटीवर आलास बाबा."

"मी? मी कुठे उभा होतो?"

"होतास की. मागच्या निवडणुकीत आमच्या यादीत नववा."

"अरे, ते तर नावापुरतं होतं ना?"

"नावापुरतंच होतं. आमचे सहा निवडून आले. त्यातली कोन्ची आज गेली. सातवा गेल्या वर्षीच दुसऱ्या कंपनीत गेला, आठवीनं आजच कोन्चीबरोबर सही केली. कायदा सांगतो, यादीत पुढचा कोण असेल तो. पुढचा तू."

आसपासच्या सगळ्या खुर्च्या थांबल्या. कारण पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं, सांगायची गरज नव्हती. कमिटीवरच्या माणसाला, त्याच कामाचा दुसरा माणूस असताना, काढता येत नाही. आमच्या विभागात त्याच कामाचा दुसरा माणूस म्हणजे मी. आत्ता दोन, पुढे एक. तो एक कोण ते ठरलं होतं. मजल्यावरची माणसं फेर्मीनकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगू, ती फेर्मीनवर नव्हती. तीन वर्षांपूर्वी गोयो ती यादी घेऊन आला होता तेव्हा आधी माझ्याकडे आला होता. "आसुन, एक नाव कमी पडतंय. नववं. निवडून येण्याची काळजी नाही, फक्त यादी भरायची आहे." मी म्हणाले, "मला तुमच्या या पोरखेळाला वेळ नाही. त्या लासेरासला विचार. त्याच्यासमोर काहीही धर, तो सही करेल." फेर्मीननं झेरॉक्सच्या मशीनवर कागद ठेवून न वाचता सही केली होती, आणि मी वर हसले होते. आता माझ्या खणातला तो प्लंबरचा कागदही फुकट गेला. संध्याकाळी मी तो फाडला. फाडण्यात माझा काही चांगुलपणा नव्हता, त्याचा उपयोगच संपला होता.

मग मजल्यानं फेर्मीनला धारेवर धरलं. हसत हसतच, पण ते हसणं दातांचं होतं.

"काय फेर्मीन, चिलखत शिवून घेतलं म्हणे!"

"खुर्चीला खिळे ठोकले की बोल्ट लावले रे?"

"देवमाणसाला देवच सांभाळतो हो!"

तो सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा: "मलाही त्याच दिवशी कळलं." हे उत्तर खरं होतं म्हणूनच जास्त चीड आणायचं. एकदा जेवणाच्या सुटीनंतर त्याच्या खुर्चीच्या पाठीवर कुणीतरी 'हलवू नये' अशी गोदामातली चिठ्ठी चिकटवली. त्यानं ती काढली, घडी केली आणि कचऱ्यात टाकली. मी पाहिलं. बोलायला मला काय झालं होतं? पण नाही बोलले.

आता तो रोज दुपारी बोलणीला जायचा. संध्याकाळी परत आला की खाली मान घालून बसायचा. आत काय झालं ते बाहेर सांगायची त्यांना बंदी होती.

"थकलो गं," एकदा तो म्हणाला.

"मग बस की. खुर्ची तुझीच आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा चिडेल. तो म्हणाला, "नोएलियाकडे कागदांचा हा एवढा गठ्ठा असतो, आसुन. मी सगळा वाचतो. बाकीचे वाचत नाहीत."

सत्ताविसाव्या दिवशी कंपनीनं शेवटचा देकार दिला, आणि तो काही गुपित राहिला नाही. एकसष्टच्या जागी अडतीस माणसं जातील, भरपाई थोडी वाढेल, पण शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कमिटीनं सही करायची. सही नाही तर सोमवारी पूर्ण एकसष्ट. कमिटीतले दुसऱ्या युनियनचे तिघे म्हणाले, सही करायची नाही. त्यांच्या वकिलाचं म्हणणं होतं की मुख्यालयानं नफ्याचे आकडे लपवलेत, न्यायाधीश सगळंच रद्द करेल आणि एकूण एक माणूस परत येईल. गोयोच्या बाजूचाही एक जण त्यांना जाऊन मिळाला. चार विरुद्ध चार. नवव्यानं अजून तोंड उघडलं नव्हतं.

अडतीसच्या यादीत मी होते. एकसष्टच्या यादीतही मी होते. माझी आशा एकच: सही होऊ नये, कोर्टात जावं आणि सगळंच रद्द व्हावं. म्हणजे माझी आशा फेर्मीनच्या हातात. बुधवारी रात्री मी आईच्या निवासातून परत येताना त्या बहात्तर पायऱ्या मोजत चढले आणि मनाशी म्हणाले, याला कुणाचं मन मोडता येत नाही. समोर बसणाऱ्या बाईचं तर मुळीच मोडणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्या मऊपणाचा आधार वाटला.

गुरुवारी साडेदहाला, न्याहारीच्या वेळी, तो माझ्या टेबलापाशी आला. "खाली येतेस?"

खालच्या बारमध्ये आम्ही एकोणीस वर्षं न्याहारी करत होतो, पण गेला महिनाभर वेगवेगळ्या वेळी. बाहेर सिएर्सो, आमच्याकडचा गार वारा, सुटला होता, दार उघडलं की टेबलावरचे कागदी रुमाल उडत होते. मी बटाट्याचं ऑम्लेट घातलेला पाव घेतला. त्यानं नुसती कॉफी घेतली.

"आसुन, उद्या मी हो म्हणणार आहे."

"कशाला हो?"

"कराराला. अडतीसला."

घास माझ्या तोंडातच राहिला. "म्हणजे मला घालवायला."

"हो," तो म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणता आलं असतं. "तेवीस माणसं नक्की राहतात."

"कोर्टात गेलं तर एकसष्टच्या एकसष्ट राहतील!"

"राहतील कदाचित."

"वकील म्हणालाय ना!"

"वकिलाची नोकरी जात नाहीये. मी ते आकडे वाचलेत, आसुन. वाटतात तसे ते लपवलेले नाहीत. दोन वर्षं लागतील, आणि मग न्यायाधीश नाही म्हणाला तर? त्या तेवीस जणांना मी काय सांगू?"

"आणि मला काय सांगतोयस?"

"तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण उद्या दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा..."

"वा! काय उपकार!" मी पाव ताटलीत आपटला. "मग एक कर. करारात कलम आहे, त्याच कामाचा माणूस आपणहून गेला तर यादीतला राहू शकतो. दे तुझं नाव. तुझ्या जागी मी राहते. देवमाणूस आहेस ना तू? दे की!"

तो कप बशीत गोल गोल फिरवत होता. फिरवणं थांबलं.

"नाही," तो म्हणाला.

मी वाट पाहिली. आता म्हणेल, बघतो. आता म्हणेल, मारिवीला विचारतो. तो तसं काही म्हणाला नाही.

"नाही, आसुन. मला राहायचंय. पंचावन्नाव्या वर्षी मला कोण उभं करणार आहे? मारिवी दोन वर्षं रोज अर्ज करते, उत्तरसुद्धा येत नाही. मी बघतोय ते घरात. मला भीती वाटते. मला राहायचंय."

"माझ्या आईला चार मजले कोण चढवणार?"

"माहीत नाही."

"तू येशील उचलायला?"

"येईन."

"मेलास तरी येऊ नकोस!" मी ओरडले. बारवाला कॉफीच्या मशीनमागून डोकावला. त्यानंतर मी फेर्मीनला जे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या बायकोचं काढलं, त्याच्या बुळेपणाचं काढलं, तुझ्यासारख्या मऊ माणसांनीच जगाचं वाटोळं केलंय असंही म्हणाले. तो ऐकत राहिला, उठून गेला नाही. मीच उठले, आणि बाहेर वाऱ्यात पाच मिनिटं तशीच उभी राहिले, कारण वर जाऊन पुन्हा त्याच्याच समोर बसायचं होतं.

शुक्रवारी पावणेबाराला कमिटीनं सही केली. पाच विरुद्ध चार. मजल्यावर काही जणांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, काही जण ताडकन उठून जिन्यानं खाली गेले. ऑर्डर विभागातली एक मुलगी, जिचं नाव तेवीसमध्ये होतं, फेर्मीनपाशी येऊन रडत त्याचे हात धरून उभी राहिली. तो तिच्याकडे न बघता 'बरं, बरं' म्हणत होता. मी माझा खण रिकामा करायला घेतला.

कामावरून काढल्याची पत्रं पुढच्या बुधवारी मिळाली. काचेच्या खोलीत नोएलिया बसली होती, समोर पेन, पाण्याचा ग्लास आणि रुमालांचं खोकं. एकेकाला आत बोलवत होते. बाहेर बसलेल्यांना आतलं दिसायचं पण ऐकू यायचं नाही, त्यामुळे प्रत्येकाची पाठ कधी वाकते ते सगळ्यांना कळायचं. मी ठरवलं होतं, माझी पाठ वाकू द्यायची नाही.

"बस, आसुन," नोएलिया म्हणाली. तिचाही आवाज बसला होता, सकाळपासूनची ही चौदावी. "सही करताना कमिटीचा माणूस सोबत हवा का? हक्क आहे तुझा."

"आज कोण आहे?"

तिनं कागद पाहिला. "लासेरास. पण तुला नको असेल तर मी गोयोला—"

"लासेरासच हवा. बोलाव."

मला त्यानं बघायला हवं होतं. पत्र माझ्या हातात येताना, माझी सही होताना, त्यानं समोर बसून सगळं बघायला हवं होतं. एवढं तरी मला मिळायला हवं होतं.

तो आला. खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसला आणि नोएलियाला म्हणाला, "पत्र तिला वाचू दे. घाई नको." मी वाचायचा प्रयत्न केला, अक्षरं हलत होती. तीन पानं होती. शेवटी माझं नाव आणि त्याखाली एक रेघ. मी पेन उचललं.

त्यानं त्या रेघेवर बोट ठेवलं.

"आधी इथे 'असहमत' लिही. मग तारीख, मग सही."

नोएलियानं मान वर केली. "फेर्मीन, करार तुम्हीच मान्य केलाय."

"कमिटीचा करार कमिटीनं मान्य केला. ही सही तिची आहे." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "असं लिहिलं की कोर्टात जायला कामाचे वीस दिवस मिळतात. दुसऱ्या पानावर त्यांनी चूक केलीय. इथे म्हटलंय की तुझं काम बंद झालं. काम बंद झालेलं नाही, ते तसंच आहे, मी तेच करणार आहे. हे वाक्य वकिलाला दाखव. मी काल सगळ्या अडतीस पत्रांत शोधलं, अशी चूक तुझ्याच पत्रात आहे."

"फेर्मीन!" नोएलिया म्हणाली.

"उद्या कोर्टात तुला साक्षीला बोलावलं तर?" मी विचारलं.

"येईन. काम तसंच आहे म्हणून सांगेन."

"तुझ्याच कराराच्या विरोधात?"

"लिही, आसुन."

मी लिहिलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की माझं मलाच ओळखू येईना. तारीख घातली, सही केली, एक प्रत पर्समध्ये कोंबली आणि काचेच्या खोलीतून बाहेर आले. बाहेर बसलेल्या माणसांनी माझी पाठ ताठ होती की वाकलेली, ते पाहिलं असेल. मला आठवत नाही.

ट्राममध्ये उभी असताना मला फेर्मीनचा जेवढा राग आला, तेवढा त्या बारमध्येही आला नव्हता. महिनाभर मी त्याला नालायक ठरवत आणलं होतं, आणि ते जवळजवळ जमलंही होतं. नालायक माणसानं आपली जागा बळकावली, तर ते सोसता येतं. त्याला शिव्या देत देत माणूस दिवस काढतो. आता मला निवासात जाऊन आईला सांगायचं होतं की महिनाअखेरीस तिला चार मजले चढून घरी यावं लागेल, आणि शिव्या द्यायला माझ्याकडे कुणी उरलेलं नव्हतं.